गोंदूर ते न्यूअर्क, व्हाया कुसुंबा

धुळ्याच्या माणसाचा विमानप्रवास घरच्या ओट्यावर सुरू होतो, बॅगेच्या वजनावरून झालेल्या वादावादीने. तसं म्हटलं तर आमच्या गावाला धावपट्टी आहे. गोंदूर शिवारात विमानं उतरतात, चढतात, घिरट्या घालतात. पण ती शिकाऊ पोरांची. मुंबईत 1928 मध्ये सुरू झालेला बॉम्बे फ्लाइंग क्लब आपल्या विद्यार्थ्यांना उडायला शिकवतो तो इथे, आमच्या कपाशीच्या शेतांवर. शिरपूरलाही वैमानिक घडवणारी शाळा आहे. म्हणजे मुंबईहून कुठेतरी निघालेल्या विमानाच्या पुढच्या केबिनमध्ये बसलेला पोरगा पहिल्यांदा एकटा उडाला तो आमच्या डोक्यावरून, असं सहज असू शकतं. आम्हाला मात्र तिकीट काढून बसायचं असेल तर नव्वद-पंचाण्णव किलोमीटरवर जळगाव गाठावं लागतं.

आरामदायी विमानप्रवासाबद्दल जे काही छापून येतं ते सगळं खुर्चीत बसल्यानंतरचं असतं. मानेला उशी लावा, खिडकीची जागा घ्या, पाणी प्या. चुकीचं त्यात काही नाही. पण खानदेशी माणसाचं अंग विमानात कमी आणि विमानापर्यंत पोचताना जास्त मोडतं. गेल्या मे महिन्यात मामा-मामींना घेऊन त्यांच्या लेकीकडे न्यू जर्सीला गेलो, तेव्हा ही गोष्ट पुन्हा पटली.

पहिला घोळ वजनाचा. अमेरिकेच्या तिकिटावर सहसा तेवीस किलोच्या दोन बॅगा नेता येतात. मामी त्या हिशेबाने महिनाभर आधीपासून भरत होती. पण जळगाव-मुंबईचं तिकीट वेगळं काढलं तर त्या छोट्या विमानात देशांतर्गत नियम लागतो: सामानात पंधरा किलो आणि हातात सात. जास्तीच्या किलोमागे पैसे, आणि ते पैसे भरूनही जागा असेलच असं नाही. दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर असतील तर गोष्ट वेगळी. तसं मिळतं का, हे तिकीट काढतानाच विचारून घ्यावं. आम्हाला नाही मिळालं. मग आम्ही सरळ वाटणी केली. मोठ्या बॅगा थोरल्या मामेभावाबरोबर रात्रीच्या गाडीने मुंबईला गेल्या, आणि आम्ही तिघं एकेक हलकी पिशवी घेऊन विमानाने. ही युक्ती माझी नाही. जळगावातल्या निम्म्या घरांत हेच करतात.

बॅगेत काय भरू नये, हा दुसरा वाद. खानदेशी काळा मसाला म्हटला की खोबरं आलं. मामीने खोबऱ्याच्या वाट्या फडक्यात बांधून तयार ठेवल्या होत्या. सुक्या खोबऱ्यात तेल भरपूर, ते पेट घेऊ शकतं, म्हणून विमानाच्या सामानात त्या वाट्या चालत नाहीत. मुंबईला बॅग उघडून काढून घेतात. वाट्या घरीच ठेवल्या आणि भाजून-कुटून तयार केलेला मसाला घेतला. मसाले, पिठं, चटण्या हे सगळं मोठ्या बॅगेत. तिखटाची पूड हातातल्या पिशवीत नेऊ देत नाहीत, आणि अमेरिकेच्या विमानात कोणतीही पूड साडेतीनशे मिलिलिटरच्या डब्याहून जास्त असली तर अडवू शकतात. याच्या उलट मोबाइलची पॉवर बँक. ती मोठ्या बॅगेत अजिबात नको, हातातच हवी. औषधंही हातात. मामांचं इन्सुलिन, रक्तदाबाच्या गोळ्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी एका कापडी पिशवीत घालून ती मामीच्या खांद्याला अडकवली. मोठी बॅग दोन दिवस उशिरा आली तर साडी उसनी मिळते. इन्सुलिन कोण देणार?

आता जेवण. निघायच्या आदल्या रात्री खानदेशात काय रांधतात हे सांगायला नको. शेवभाजी, कळण्याची भाकरी, ठेचा, आणि लेकीकडे चाललोय म्हणून भरीत. मामी आग्रह करत होती, "जेवी ले बापू, इमानमा काई भेटत नही." मी हात आखडता घेतला, मामांना घ्यायला लावला, आणि घरभर नाराजी ओढवून घेतली. कारण साधं आहे. मोठ्या विमानाच्या केबिनमध्ये हवेचा दाब जमिनीवरचा नसतो. समुद्रसपाटीपासून 1800 ते 2400 मीटर उंचीवर जेवढा असावा तेवढा असतो. आपली कळसूबाई 1646 मीटर, म्हणजे तिच्या माथ्याच्याही वर आपण तासन्‌तास बसलेले असतो. दाब कमी झाला की पोटातला वायू फुगतो, आधीच्यापेक्षा पाव हिश्शाने तरी. उडदाच्या कळण्यावर आणि तिखट तर्रीवर हा प्रयोग करू नये. आदल्या रात्री मुगाची खिचडी, कढी आणि वाटेत खायला दशम्या. आणि केळी. जळगावच्या केळ्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण प्रवासाचं फळ म्हणून त्याला प्रमाणपत्राची गरज कधीच नव्हती. सोलायला सुरी नको, हात चिकट होत नाहीत, पोटाला हलकं.

धुळ्याहून पहाटे निघालो. फागणे, मुकटी, पारोळा, एरंडोल. मे महिन्यात या रस्त्याला पहाटेशिवाय दुसरी वेळ नाही. दहानंतर गाडीतल्या थंड हवेचाही जीव जातो. बांभोरीला गिरणेचा पूल ओलांडला की जळगाव आलं असं वाटतं, पण विमानतळ शहराच्या पलीकडे, छत्रपती संभाजीनगरच्या रस्त्यावर कुसुंब्याजवळ आहे. शहरातल्या चौकांसाठी वेगळा वेळ धरावा. हा हिशेब नव्वद किलोमीटरमध्ये धरलेला नसतो आणि माणूस शेवटच्या दहा किलोमीटरला घामाघूम होतो.

जळगावचं विमानतळ लहान आहे, आणि लहान असणं हाच त्याचा मोठा गुण. दारातून विमानाच्या शिडीपर्यंत म्हातारं माणूस आरामात चालत जातं. 23 मार्च 2012 रोजी त्याचं उद्घाटन राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांनी केलं. त्या इथल्याच, बोदवडजवळच्या नाडगावच्या. मात्र उद्घाटनानंतर नियमित प्रवासी विमान यायला 2017 चा डिसेंबर उजाडला. केंद्राच्या उडान योजनेतून अठरा आसनी विमान मुंबईहून आलं, काही महिन्यांत बंद पडलं. 2019 च्या सप्टेंबरपासून सत्तरएक आसनांचं विमान येऊ लागलं, तेही थांबलं. 2024 मध्ये पुन्हा गोवा, हैदराबाद, पुणे, मुंबई अशी नावं फलकावर लागली. हा इतिहास सांगण्याचं कारण एवढंच की इथलं वेळापत्रक दगडावर कोरलेलं नसतं. रोज विमान असेलच असं नाही, आणि मागच्या वर्षी पाहुणे ज्या वेळेला गेले ती वेळ या वर्षी असेलच असंही नाही.

इथे येतं ते विमान एटीआर जातीचं, पंख्याचं. त्याच्या जागांबद्दल मोठ्या विमानांचे सल्ले उपयोगाचे नाहीत. एक तर दोन्ही बाजूंना दोनच खुर्च्या, त्यामुळे मधली खुर्ची नावाची शिक्षा नाही. पंख वर, छताला जोडलेले. म्हणून कुठल्याही खिडकीतून खालची जमीन दिसते. पंखे पुढच्या भागात, तिथे आवाज आणि थरथर जास्त. चढायचं-उतरायचं दार मागे. तेव्हा ज्याला शांत बसायचंय आणि लवकर उतरायचंय त्याने मागची रांग मागावी. ज्याला हेलकाव्यांनी मळमळतं त्याने पंखांच्या जवळची, कारण शेपटीकडे हेलकावा जास्त जाणवतो. दोन्ही सुखं एका खुर्चीत मिळत नाहीत. सकाळी मुंबईला जाताना ऊन डाव्या अंगाला येतं, म्हणून उजवी बाजू बरी. डोक्यावरचे कप्पे छोटे असतात. चाकांची कडक बॅग त्यात शिरत नाही, मऊ पिशवी शिरते.

सकाळचंच विमान का, हेही सांगतो. हे विमान पाच-सहा किलोमीटर उंचीवरून जातं, मोठी जेट दहा-अकरा किलोमीटरवरून. मे महिन्यात आपल्या काळ्या जमिनी तापल्या की गरम हवेचे लोट वर चढतात. शेतात दुपारी वावटळ उठते ती या लोटांमुळेच. त्यांतून विमान जाताना धक्के बसतात. धोका नसतो, पण पहिल्यांदा बसणाऱ्याचा जीव खालीवर होतो. सकाळी हवा शांत असते. शिवाय गरम हवा विरळ, विमानाला उडायला जास्त धावावं लागतं, आणि जळगावची धावपट्टी 1750 मीटरचीच आहे. पैसे भरूनही जास्तीच्या सामानाला जागा मिळत नाही, त्यामागे नुसता कंपनीचा हिशेब नाही, जळगावचं ऊनही असू शकतं.

विमान वर गेलं तशा खाली केळीच्या बागा दिसल्या, मग अजिंठ्याच्या डोंगराच्या उघड्या पाठी. मामा खिडकीला नाक लावून शेतं ओळखत होते. "ते पाहा, ठिबक." ठिबकच्या रेषा त्या उंचीवरून दिसत नाहीत, पण मी काही बोललो नाही.

मुंबई जवळ आली तशी मामीने कपाळाला आठ्या घातल्या. "मना कान दुखी राह्यनात." विमान उतरताना केबिनमधला दाब वाढतो आणि कानाच्या पडद्यामागची हवा मागे राहते. नाकामागून कानाकडे जाणारी बारीक नळी उघडली की दोन्हीकडचा दाब सारखा होतो. ती उघडते गिळताना, चावताना, जांभई देताना. म्हणून उतरायला लागलं की झोपू नये. बडीशेप, वेलची, गोळी, काहीही तोंडात ठेवावं. तान्ह्या बाळाला त्याच वेळी पाजायला घ्यावं, म्हणजे रडारड टळते. सर्दी झालेली असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना विचारावं, कारण सुजलेली नळी उघडत नाही आणि कान खरोखरच ठणकतो. मामीला वेलची दिली, पाचेक मिनिटांत आठ्या गेल्या.

त्याच रात्री परदेशी विमान पकडायचं नाही, हा माझा हट्ट होता. छोट्या विमानतळावरचं एखादं विमान रद्द झालं की पुढचं दोन दिवसांनी असतं, आणि दोन तिकिटं वेगळी असली तर अमेरिकेचं विमान तुमच्यासाठी थांबत नाही, पैसेही परत देत नाही. एक रात्र डोंबिवलीच्या नातेवाइकांकडे काढली. खानदेशातलं घर आणि कल्याण-डोंबिवलीत नातेवाईक नाही, असं कमीच सापडेल. मामेभाऊ बॅगा घेऊन आधीच पोचला होता, मस्त झोप काढून. साठीच्या पुढच्या माणसाला खालचा बर्थ मिळत असेल तर रात्रीची गाडी ही विमानाहून वाईट नाही, असं माझं स्पष्ट मत झालं आहे. विमानाने वेळ वाचतो तो जळगावकराचा. धुळेकराचा तितकासा वाचत नाही.

मुंबईच्या टर्मिनल दोनवर व्हीलचेअरचं प्रकरण झालं. तिकीट काढतानाच ती मागून ठेवली होती. त्याचे पैसे पडत नाहीत. मामा भडकले. "माले काय व्हयनं? मी चालत येस." शेतात दिवसभर फिरणारा माणूस, त्याला खुर्चीत बसून ढकलत न्यायचं म्हणजे अपमान. पण त्या इमारतीत दारापासून विमानापर्यंतचं चालणं लांबलचक आहे, मध्ये रांगा, आणि मामीचे गुडघे गेलेले. शेवटी मामी बसली, मामा शेजारून ऐटीत चालले. खरं सांगायचं तर आपल्याकडची बरीच आईवडील मंडळी व्हीलचेअर घेतात ती पायांसाठी नाही, सोबतीसाठी. खुर्ची ढकलणारा माणूस रांगेतून नेतो, इमिग्रेशनच्या खिडकीवर उभा राहतो, इंग्रजीत दोन वाक्यं बोलतो. मी याला लबाडी म्हणणार नाही. पण ज्याला पायही चांगले आहेत आणि भाषाही येते त्याने ती खुर्ची सोडावी.

सोन्याचं एक राहिलं. जळगाव म्हणजे सोन्याचा बाजार. मामीच्या हातात पाटल्या, गळ्यात पोहेहार. तपासणीला यंत्र वाजलं, महिला कर्मचाऱ्यांनी पडद्याआड नेऊन पाहिलं, दोन मिनिटांत सोडलं. खरी अडचण परतताना येऊ शकते: हे सोनं तुम्ही इथूनच नेलं होतं हे कसं सिद्ध करणार? त्यासाठी जातानाच विमानतळावरच्या सीमाशुल्क अधिकाऱ्यांकडून दागिन्यांचं निर्यात प्रमाणपत्र करून घेता येतं. वेळ जातो, म्हणून लवकर पोचावं. त्याहून सोपा उपाय म्हणजे पोहेहार घरी ठेवणं, पण तो उपाय मामीला सांगण्याची हिंमत आमच्यात कोणाची नव्हती.

मुंबई ते न्यूअर्क थेट विमान पंधरा-सोळा तासांचं. इथे पायांची काळजी सगळ्यात आधी. चार तासांहून जास्त एका जागी बसलं की पायांतलं रक्त संथ होतं, काहींना पोटरीत गुठळी होण्याची भीती असते. पायांत रक्त साचू नये म्हणून लढाऊ विमानातही उपाय करावा लागतो. 25 नोव्हेंबर 2009 रोजी प्रतिभाताई राष्ट्रपती असताना पुण्याच्या लोहगावहून सुखोई या लढाऊ विमानात बसल्या तेव्हा त्यांचं वय चौऱ्याहत्तर होतं. अंगात जी-सूट होता. विमान झपाट्याने वळताना अंगावर येणाऱ्या भाराने रक्त खाली पायांत साचू नये म्हणून तो पाय आणि पोट आवळून धरतो. प्रवासी विमानात एवढ्या भाराचा प्रश्न नाही, पण रक्त खाली साचण्याचा आहे, आणि त्यावर औषधाच्या दुकानात मिळणारे घट्ट पायमोजे हा उपाय आहे. डॉक्टरांना विचारून मामा-मामींना ते घातले. दर दोनेक तासांनी उठून शौचालयापर्यंत चक्कर, बसल्या बसल्या टाचा वरखाली. पाय सुजतात, म्हणून सैल चपला. म्हाताऱ्या माणसांना कडेची खुर्ची द्यावी. नाहीतर शेजाऱ्याला उठवायला नको म्हणून ती पाणी पिणंच बंद करतात. आणि पाणी तर हवंच, कारण त्या केबिनमधली हवा आपल्या मे महिन्याच्या दुपारइतकी कोरडी असते. फक्त गार. चव्वेचाळीस अंशांतून आलेल्या माणसाला ते गार सोसत नाही. मामांचं उपरणं इथे कामाला आलं: आधी गळ्याला, मग डोळ्यांवर, मग मानेखाली. बाजारातली ती घोड्याच्या नालासारखी उशी मी नेली होती, ती पिशवीतच राहिली.

शाकाहारी जेवण तिकिटाबरोबरच सांगून ठेवलेलं होतं. ऐन वेळी मागितलं तर मिळेल याचा भरवसा नाही. तरी मामा म्हणाले, काही चव नाही. दोष सगळा स्वयंपाक्याचा नसतो; कोरड्या हवेत आणि त्या घरघरीत जिभेला मीठ आणि गोड कमी लागतं. केळ्याचे वेफर्स आणि दशम्या निघाल्या. शेजारच्या पंजाबी आजींनीही घेतल्या.

न्यूअर्कला उतरण्याआधी उरलेली केळी संपवायला लावली. ताजी फळं अमेरिकेत नेता येत नाहीत, आणि पिशवीत विसरलेलं एक केळंसुद्धा दंडाला कारण होऊ शकतं. बाकीचं खाण्याचं जे काही आहे ते विचारल्यावर स्वच्छ सांगून टाकायचं: मसाला, पापड, बिबडे, शेव. सांगितलं तर फार तर एखादी वस्तू काढून घेतील, दंड होत नाही. लपवलं तर होतो. अधिकाऱ्याने बिबड्यांची पिशवी उचलून उलटसुलट पाहिली, हुंगली आणि परत दिली.

मे महिन्यात तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असतं. पहिल्या दिवशी संध्याकाळपर्यंत झोपू न देणं आणि दुपारी उन्हात फिरवणं, एवढाच इलाज. इन्सुलिनच्या वेळा मात्र धुळ्यातल्या डॉक्टरांनी आधीच कागदावर लिहून दिल्या होत्या. तो कागद घेतल्याशिवाय मधुमेही माणसाने एवढ्या लांब जाऊ नये.

माझा निवाडा असा. हलकं सामान असेल, मुंबई-पुण्याचं काम असेल, तर जळगावचं सकाळचं विमान उत्तम. सेहेचाळीस किलोच्या बॅगा असतील तर रात्रीची गाडी, किंवा माणसं विमानाने आणि बॅगा गाडीने. धुळेकराने ओझरचं विमानतळही पाहून ठेवावं, ते दीडशेक किलोमीटरवर आहे. नंदुरबारकराला सुरत जवळ. तिकीट काढण्याआधी त्या महिन्याचं वेळापत्रक कंपनीकडेच तपासा, परदेशी विमानाच्या आधी एक रात्र मोकळी ठेवा, आणि आईवडिलांना एकटं पाठवत असाल तर व्हीलचेअर तिकिटाबरोबरच नोंदवा, ते कितीही रागावले तरी.